वीज गेल्यानंतरची वीज

वैशाख सरत आला आणि जालना जिल्ह्यावर वळवाचें आभाळ भरून आलें, कीं दोन गोष्टी बहुधा बरोबरच घडतात : वारा सुटतो आणि वीज जाते. भोकरदन-जाफराबादच्या बाजूला असो, गोदाकांठच्या अंबड-घनसावंगीकडे असो, कीं खुद्द जालना शहरांत असो, तारेवर फांदी पडते, एखादा खांब कलतो, कोठें डी. पी. जळते, आणि 'आतां येईल' म्हणत बसलेल्या घराला मध्यरात्र होते. अशा रात्रीनंतर दुसऱ्या दिवशीं घरच्या कर्त्या माणसाच्या मनांत जनरेटर घेण्याचा विचार येतो. विचार रास्त असतो. परंतु तो घाईंत केला जातो, आणि घाईंत घेतलेलें यंत्र वर्षभर जिन्याखालीं धूळ खात पडतें, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीच्या रीतीनें जोडलें जाऊन कोणाच्या तरी जिवावर उठतें.

विजेची टंचाई या भागाला नवी नाहीं. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची २००५ सालीं विभागणी होऊन घरोघर वीज पोंचविण्याचें काम महावितरण कंपनीकडे आलें. त्या सुमारास राज्यांत मागणी व पुरवठा यांत मोठी तूट होती, आणि भारनियमन हा शब्द मराठी घरांत रोजचा झाला. जेथें विजेची गळती अधिक व बिलांची वसुली कमी, तेथें अंधाराचे तास अधिक, असें त्या भारनियमनाचें गणित असल्यामुळें मराठवाड्यांतील पुष्कळ गांवांच्या वांट्याला तो अधिक आला. पुढें २०१२-१३ च्या दुष्काळांत शेजारच्या बीड जिल्ह्यांतील परळीचें औष्णिक वीजकेंद्र पाण्याअभावीं फेब्रुवारी २०१३ मध्यें बंद ठेवावें लागलें. कोळशावर चालणाऱ्या केंद्रालाहि वाफेसाठीं पाणी लागतें, ही गोष्ट त्या वर्षीं सामान्य माणसाला प्रथमच कळली. एप्रिल २०२२ मध्यें उन्हाळ्याच्या वाढत्या मागणीला वीज अपुरी पडून भारनियमन पुन्हां कांहीं काळ डोकावून गेलें.

त्या रोजच्या भारनियमनाला एक गुण मात्र होता : त्याला वेळापत्रक असे. किती वाजतां वीज जाणार व किती वाजतां येणार हें ठाऊक असल्यामुळें तीन-चार तासांची गरज भागविणारा इन्व्हर्टर घरोघर आला व टिकला. वादळानें किंवा जळलेल्या डी. पी. नें गेलेली वीज अशी वेळ पाळीत नाहीं. ती तीन तासांत येईल किंवा तीस तासांनीं येईल. जनरेटरचा प्रश्न उभा राहतो तो येथें, आणि तो समजून घेण्यास इन्व्हर्टर व जनरेटर यांतील भेद प्रथम ध्यानीं घेतला पाहिजे.

इन्व्हर्टरची बॅटरी हा रांजण आहे, जनरेटर ही विहीर आहे. रांजणांत जेवढें भरून ठेवलें असेल तेवढेंच निघतें, आणि तो भरावयाला पुन्हां वीजच लागते. बारा व्होल्टची, दीडशे अँपिअर-तासांची नेहमीची बॅटरी घेतली, तर गुणाकारानें ती १८०० वॅट-तास दाखविते. परंतु शिशाची बॅटरी तळापर्यंत उपसली तर तिचें आयुष्य घटतें, शिवाय इन्व्हर्टरमध्यें कांहीं वीज उष्णतेच्या रूपानें वायां जाते. म्हणून हातीं येणारे १२०० वॅट-तासच धरावेत. रिकामी बॅटरी पुरती भरावयास आठ-दहा तास लागतात. सबब लागोपाठ दोन रात्रीं वीज गेली कीं दुसऱ्या रात्रीं रांजण अर्धाच असतो. उलटपक्षीं इन्व्हर्टर क्षणांत चालू होतो, आवाज करीत नाहीं, धूर सोडीत नाहीं. जनरेटरचें याच्या अगदी उलट : टाकींत तेल आहे तोंवर तो चालतो, परंतु तो ओरडतो, धूर ओकतो, त्याला जागा लागते, आणि त्याच्याकडे कोणी तरी लक्ष द्यावें लागतें.

यावरून एक गोष्ट स्पष्टच सांगितली पाहिजे. जालना शहरांतील मध्यम घराला बहुधा जनरेटरची गरज नसते. चांगला इन्व्हर्टर व चांगली बॅटरी त्याला पुरते. जनरेटर खरोखर लागतो तो निराळ्या घरांना. ज्यांचें पाणी बोअरच्या मोटारीवर अवलंबून आहे, ज्यांच्या घरीं विजेच्या यंत्रावर जगणारा रुग्ण आहे, ज्यांचा व्यवसायच घरांतून चालतो, किंवा ज्यांची वस्ती गांवाबाहेर असून वीज जोडण्याची पाळी सर्वांत शेवटीं येते, त्यांनीं पुढील हिशेब करावा.

बाजारांत 'घराला किती केव्हीएचा घ्यावा?' असें विचारलें, कीं विक्रेता बहुधा खोल्या किती आहेत हें विचारतो. खोल्या वीज खात नाहींत; उपकरणें खातात. तीं मोजावयाचीं, आणि तींहि सारीं नव्हेत, तर वीज गेल्यावर ज्यांवांचून चालणार नाहीं तेवढींच. सत्तर वॅटचे चार पंखे म्हणजे २८०, नऊ वॅटचे आठ दिवे म्हणजे ७२, टी. व्ही. ८०, फ्रीज १५०, इंटरनेटची पेटी १० : सारी बेरीज ६०० वॅटच्या आंतच राहते. वर सांगितलेली बॅटरी हा सारा भार दोन तास वाहील. फ्रीज व टी. व्ही. बंद ठेवले तर सव्वातीन तास वाहील. हिशेब बिघडतो तो तापविणाऱ्या व थंड करणाऱ्या उपकरणांनीं. गीझर एकटाच दोन हजार वॅट ओढतो, इस्त्री हजाराच्या आसपास, दीड टनाचा ए. सी. दीड हजाराच्या घरांत. वीज गेलेल्या रात्रीं इस्त्री करण्याचा हट्ट कोणी धरीत नाहीं, परंतु ए. सी. विषयीं तसें सांगतां येत नाहीं. आणि तो यादींत धरला कीं यंत्राची किंमत, तेलाचा खर्च व शेजाऱ्यांचा रोष हीं तिन्ही एकदम वाढतात. येथें एक उपाय स्वस्त आहे. नव्या बीएलडीसी पंख्याला तीस-पस्तीस वॅट पुरतात. चार पंखे बदलले तर दीडशे वॅटच्या आसपास भार कायमचा उतरतो, आणि तो बिलांतहि उतरतो. जनरेटर घेण्यापूर्वीं पंखे बदलणारा गृहस्थ हिशेबी म्हणावा.

यानंतर केव्हीए व किलोवॅट यांचा घोळ. जनरेटरवर पांच केव्हीए लिहिलेलें असलें तरी त्यांतून पांच किलोवॅटचें काम मिळत नाहीं. मोटारीसारख्या उपकरणांत कांहीं प्रवाह चुंबकत्व निर्माण करण्यांत गुंततो व परत फिरतो. तो काम करीत नाहीं, पण त्याचें ओझें जनरेटरला वाहावें लागतें. म्हणून केव्हीएच्या आंकड्याला ०.८ नें गुणावयाची रीत आहे. पांच केव्हीएचे चार किलोवॅट होतात. लहान पेट्रोल जनरेटरच्या जाहिरातींत दोन आंकडे असतात, एक क्षणभर पेलवणारा व दुसरा अखंड पेलवणारा. मोठ्या अक्षरांतला आंकडा बहुधा पहिला असतो. विकत घ्यावयाचा तो दुसऱ्यावरून.

सर्वांत अधिक फसगत होते ती बोअरच्या मोटारीपायीं. ज्या घरीं नळाला रोज पाणी येत नाहीं तेथें एप्रिल-मे महिन्यांत हीच मोटार घराचा प्राण असते. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. पण तें मोटारीच्या दांड्यावर मिळणारें काम झालें. विजेच्या बाजूनें ती हजार ते बाराशे वॅट घेते, आणि सुरू होण्याच्या क्षणीं तर नेहमीच्या पांच-सहा पट प्रवाह ओढते. हा क्षण निभला नाहीं तर मोटार नुसती गुरगुरते, जनरेटर दबतो, व्होल्टेज खालीं येतें, आणि त्या खेंचाखेंचींत मोटारीचें वाइंडिंग जळण्याची भीति असते. ठोकळ नियम असा, कीं मोटार जेवढे किलोवॅट घेते त्याच्या निदान तिप्पट केव्हीए जनरेटरची क्षमता असावी. एक हॉर्सपॉवरची मोटार व वर दिलेला सहाशे वॅटचा भार असलेल्या घराला म्हणून पांच केव्हीएचा जनरेटर योग्य ठरतो. चालवितांना क्रमहि पाळावा : आधीं मोटार एकटी सुरू करावी, ती वेग घेऊन स्थिरावली म्हणजे मग फ्रीज व पंखे. जालना समुद्रसपाटीपासून सुमारें पांचशे मीटर उंचीवर आहे आणि उन्हाळ्यांत पारा चाळिसाच्या वर जातो. विरळ व तापलेल्या हवेंत इंजिनाचा जोर थोडा घटतो, तेव्हां गरजेपेक्षां दहा-पंधरा टक्के क्षमता हाताशीं अधिक ठेवावी.

मात्र 'अधिक ठेवावी' याचा अर्थ पांचपट ठेवावी असा नव्हे. मंगल कार्यालयाचा किंवा कारखान्याचा जुना पंचवीस केव्हीएचा जनरेटर स्वस्तांत मिळाला म्हणून घरीं आणणारे लोक आहेत. डिझेल इंजिनाला मोठें शरीर व लहान काम मानवत नाहीं. फार थोड्या भारावर तें तासन्‌तास चाललें तर पुरेसें तापत नाहीं, इंधन अर्धवट जळतें, नळकांड्यांत काजळी व तेलाचा चिकटा धरतो, आणि यंत्र लवकर निकामी होतें. क्षमतेच्या निम्म्याहून थोडा अधिक भार सतत असणें ही त्याची निरोगी स्थिति.

डिझेलचें इंजिन महाराष्ट्राला परकें नाहीं. रूडॉल्फ डिझेल यानें जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें १८९७ सालीं आपलें इंजिन यशस्वी रीतीनें चालवून दाखविलें. पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ मध्यें झाली, आणि खेड्यापाड्यांत विजेच्या तारा पोंचण्यापूर्वीं विहिरीवर फटफटणारें ऑइल इंजिन पोंचलें. मराठवाड्यांतील जुन्या शेतकऱ्याला त्या आवाजावरून शेजाऱ्याच्या मळ्याला पाणी चालू आहे कीं नाहीं हें घरबसल्या कळे. घरगुती जनरेटर म्हणजे तेंच इंजिन. फरक एवढाच, कीं त्याच्या दांड्यावर पंपाऐवजीं तारांचें वेटोळें व चुंबक फिरतें, आणि मायकेल फॅरडेनें १८३१ सालीं दाखविल्याप्रमाणें त्या फिरण्यांतून वीज उत्पन्न होते. आपल्या देशांतील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. तेवढी मिळण्यासाठीं चार ध्रुवांचें यंत्र मिनिटाला १५०० फेरे घेतें व दोन ध्रुवांचें ३००० घेतें. १५०० फेऱ्यांचें यंत्र जड, महाग, कमी आवाजाचें व दीर्घायुषी; ३००० चें हलकें, स्वस्त व थोड्या वेळेपुरतें. वर्षांत पांच-दहा वेळां दोन तास लागणार असेल तर पेट्रोलवरचा दोरीनें सुरू होणारा लहान जनरेटर पुरे. आठवड्यांत दोन-तीनदां कित्येक तास लागत असेल तर डिझेलचा घ्यावा. पेट्रोल घरांत सांठविणें धोक्याचें, आणि तें कांहीं महिन्यांत जुनें होऊन कार्बुरेटर तुंबवितें, हीहि गोष्ट डिझेलच्या बाजूनें जमा आहे. अमेरिकेंत पुष्कळ घरांत नळानें गॅस येतो, म्हणून तेथील जनरेटर गॅसवर असतात. येथें तें पाहून स्वयंपाकाचा घरगुती सिलिंडर जनरेटरला जोडण्याचा मोह कोणी धरूं नये. तें धोक्याचें तर आहेच, शिवाय कायद्याविरुद्ध आहे.

खर्चाचा अंदाज सोपा आहे. एक लिटर डिझेलमध्यें सुमारें दहा युनिट इतकी उष्णता असते. लहान जनरेटर त्यांतून अडीच-तीन युनिटच वीज काढतो, बाकीची उष्णता धुराबरोबर व इंजिनाच्या अंगावाटे निघून जाते. डिझेलचा भाव लिटरला नव्वद रुपये धरला तर युनिटला तीस ते छत्तीस रुपये पडतात, आणि यंत्राची किंमत व दुरुस्ती त्यांत धरलेली नाहीं. तेव्हां जनरेटर ही अडचणीची सोय आहे. वीजबिल वांचविण्याचें साधन म्हणून त्याकडे पाहूं नये.

आवाजाविषयीं कायदा आहे. डिझेल जनरेटर कारखान्यांतूनच आवाज कोंडणाऱ्या पेटीसह यावा आणि त्या पेटीपासून एक मीटरवर आवाज ७५ डेसिबलपेक्षां अधिक नसावा, असा नियम आहे. अंतर दुप्पट झालें कीं मोकळ्यावर आवाज सुमारें सहा डेसिबलांनीं उतरतो. म्हणजे दोन मीटरवर ६९, चारवर ६३, आठवर ५७. राहत्या वस्तींत रात्रींची मर्यादा ४५ ची आहे. हें गणित मांडलें म्हणजे शेजाऱ्याच्या शयनगृहाच्या खिडकीखालीं जनरेटर कां ठेवूं नये हें वेगळें सांगावें लागत नाहीं. १ जुलै २०२३ पासून नव्या जनरेटरच्या धुराचे नियमहि अधिक कडक झाले आहेत. जुनें यंत्र फार स्वस्तांत मिळत असेल तर तें कोणत्या नियमांचें आहे हें पाहून घ्यावें.

येथवर पैशाचा व सोयीचा विचार झाला. यापुढील दोन गोष्टी मात्र जिवाच्या आहेत.

पहिली जोडणीची. पुष्कळ ठिकाणीं जनरेटरची वायर दोन्ही टोकांना पिना लावून सरळ भिंतींतल्या प्लगांत खुपसली जाते, आणि मेनस्विच बंद करावयाचा हें ध्यानांत ठेवण्याचें काम घरांतल्या कोणावर तरी सोपविलें जातें. एके दिवशीं तें विसरतें. मग घरांतली वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, खांबावरच्या तारेवर चढते आणि डी. पी. पर्यंत पोंचते. डी. पी. चें काम अकरा हजार व्होल्टचे घरगुती व्होल्ट करण्याचें. परंतु तें यंत्र दोन्ही दिशांनीं चालतें. खालून घरगुती व्होल्ट दिले तर वरच्या तारांवर अकरा हजार उभे राहतात. त्याच वेळीं कोठें तरी पावसांत खांबावर चढलेला वायरमन, वीज बंद आहे या समजुतीनें, तुटलेली तार जोडीत असतो. शेजारच्या घरांचा भार पडून लहान जनरेटर बहुधा आधींच दमेल, असें म्हणणारे असतात. पण तार मध्येंच तुटलेली असेल तर तो भार पडतच नाहीं, आणि 'बहुधा' या शब्दावर दुसऱ्याचा जीव टांगतां येत नाहीं. याला उपाय एकच व तो स्वस्त आहे : चेंजओव्हर स्विच. त्याचा दांडा एक तर कंपनीच्या विजेकडे असतो किंवा जनरेटरकडे. दोन्हीकडे एकदम असूंच शकत नाहीं. फेजबरोबर न्यूट्रलहि तोडणारा स्विच घ्यावा. आपोआप बदलणारा पॅनल घेतला तरी तत्त्व तेंच. हें काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावें, आणि जनरेटर बसविल्याची सूचना वीज कंपनीच्या कार्यालयास द्यावी.

याच कामांत अर्थिंग येतें. जालन्याकडची काळी जमीन ओली असतांना अर्थिंगला उत्तम. पण उन्हाळ्यांत ती वाळून भेगाळते व पत्र्यापासून सुटते, आणि मग ज्या मोसमांत जनरेटर अधिक लागतो त्याच मोसमांत अर्थिंग कुचकामी होतें. खड्ड्यांत अधूनमधून पाणी ओतावें व वर्षांतून एकदां त्याचा रोध मोजून घ्यावा.

दुसरी गोष्ट धुराची. इंजिनाच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. घुसमट जाणवत नाहीं. रक्तांतील ज्या द्रव्याला प्राणवायु चिकटतो, त्याला हा वायु दोनशेंहून अधिक पट ओढीनें चिकटतो. डोकें दुखतें, मळमळतें, ग्लानि येते. माणसाला वाटतें उकाड्यानें झालें, आणि तो आडवा होतो. झोपलेला माणूस तर उठतच नाहीं. पाऊस लागूं नये म्हणून जनरेटर गॅलरींत, जिन्याखालीं किंवा अर्धें शटर ओढलेल्या दुकानांत ठेवणें हें म्हणूनच प्राणघातक आहे. खिडकी उघडी असली कीं झालें, ही समजूत खोटी आहे. यंत्र घरापासून निदान वीस फूट दूर असावें, त्याच्या धुराड्याचें तोंड दारें-खिडक्यांच्या उलट दिशेला असावें, व वर पत्र्याचें छप्पर असलें तरी चारी बाजू मोकळ्या असाव्यात. ज्या घराला एवढें अंगण नाहीं, त्या घरानें जनरेटरचा विचार सोडून बॅटरी वाढवावी. यांत तडजोडीला जागा नाहीं.

अलीकडे तिसरा मार्ग पुष्कळांना खुणावतो तो गच्चीवरील सौर पॅनलचा. फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेंत तीन किलोवॅटच्या संचास ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान ठेवण्यांत आलें, आणि पॅनल झपाट्यानें वाढले. परंतु त्यांपैकीं पुष्कळ घरांना पहिल्या वादळांत आश्चर्याचा धक्का बसतो : ऊन लखलखीत असतां कंपनीची वीज गेली कीं गच्चीवरची वीजहि जाते. तो बिघाड नव्हे. तारेवर वीज नाहीं असें दिसतांच साधा सौर इन्व्हर्टर स्वतःला बंद करतो, कारण वर सांगितलेल्या वायरमनचा जीव त्यालाहि सांभाळावयाचा असतो. वीज गेल्यावरहि पॅनल उपयोगी पडावे असें वाटत असेल तर बॅटरी जोडतां येणारा हायब्रिड इन्व्हर्टर आरंभींच मागितला पाहिजे. तो महाग पडतो; पण जनरेटर व साधा इन्व्हर्टर यांच्या खर्चाची बेरीज करून पाहिल्यावर तितका महाग वाटत नाहीं.

घरीं रुग्ण असेल तर यंत्रांची रचना एकावर भिस्त ठेवणारी नसावी. करोनाच्या दुसऱ्या लाटेंत, २०२१ सालीं, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घरोघर आले. पांच लिटरचें असें यंत्र तीन-चारशे वॅट घेतें. जनरेटर सुरू होईपर्यंत जीं दोन-चार मिनिटें जातात तीं इन्व्हर्टरनें सांभाळावीं, पुढचे तास जनरेटरनें. आणि दोन्ही बंद पडलीं तर उपयोगी पडावा म्हणून भरलेला सिलिंडर खोलींतच असावा. इन्सुलिनसाठीं एवढा खटाटोप लागत नाहीं. फ्रीजचें दार उघडलें नाहीं तर आंतला थंडावा चार तास सहज टिकतो.

राहतां राहिली निगा. जनरेटर हें वर्षांतून थोडे दिवस काम करणारें यंत्र. म्हणून ऐन वेळीं रुसण्याची खोड त्याला असते, आणि त्याचें कारण बहुतेक वेळां स्टार्टरची उतरलेली बॅटरी हेंच असतें. महिन्यांतून एकदां अर्धा तास तो चालवावा, आणि रिकामा न चालवितां पंखे-दिवे-मोटार यांचा भार देऊन चालवावा. ऑइल बदलण्याची वेळ तासांवर मोजतात, तरी तास भरले नाहींत म्हणून वर्षानुवर्षें तेंच ऑइल ठेवूं नये. जालन्याच्या धुळींत हवेची जाळी लवकर भरते. ती वळवाच्या आधीं एकदां साफ करावी. चेंजओव्हर स्विचशेजारीं, तो कोणत्या क्रमानें फिरवावयाचा हें मराठींत मोठ्या अक्षरांनीं लिहून कागद चिकटवावा, कारण वीज जाते तेव्हां घरीं कर्ता माणूस असतोच असें नाहीं. आणि तेल संपलें तर इंजिन बंद करून, तें पुरतें निवल्यावर, मेणबत्ती किंवा कंदील जवळ न आणतां विजेरीच्या उजेडांत टाकी भरावी.